दक्षिणेचं पाणी

काकूंच्या अंगणात आलेल्या माणसाला खुर्ची मिळायची, पण ती कुठे ठेवायची हे काकू ठरवायच्या. जिथे ऊन, तिथे खुर्ची. ऊन सरकलं की माणसानं खुर्चीसकट सरकायचं. पटवारी असो, मतं मागायला आलेला पुढारी असो, नाहीतर जावई असो. कुणी सावलीकडे खुर्ची ओढली की त्या म्हणायच्या, "काऊन वो, उनाले पाठ दाखवता? थे काई तुमच्याकडे वसुलीले नाई आलं."

हे हिवाळ्यातलं. आमच्या वर्धा जिल्ह्यात मे महिन्यात माणूस सावलीसाठी विजेच्या खांबाआड उभा राहतो. तेव्हाही काकू उन्हाला नावं ठेवू द्यायच्या नाहीत. कुणी कपाळ पुसत "काय हे ऊन!" म्हटलं की त्यांचा ठरलेला जबाब: "देवानं आपल्या मुलुखाले दोनच गोष्टी भरपूर देल्ल्या. ऊन, अन् सांगनारे लोकं. उनाचा तं उपेग होते."

त्यांचं घर आमच्या घराला लागून. गाव सेलू तालुक्यात, केळझरच्या डोंगराच्या अलीकडे. माझ्या त्या नात्यातल्या नव्हत्या. सगळी गल्लीच त्यांना काकू म्हणायची, म्हणून मीही. नवरा लवकर गेला, दोन्ही मुली लग्न होऊन गेल्या. विहिरीला लागून थोडं ओलिताचं वावर होतं, त्यात मेथी, पालक, वांगी आणि सांबार लावायच्या. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. पहाटे आंघोळ करून, भाजीची गाठोडी घेऊन सेलूच्या बाजाराला निघायच्या. आंघोळ न करता त्यांनी भाजीला हात लावलेला मी पाहिला नाही.

लोक त्यांना चक्रम म्हणत. अजूनही म्हणतात. मी कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब लिहिणारा माणूस आहे. कुणी काही म्हटलं की मला त्याचा ताळा करून बघायची सवय. म्हणून सांगतो, आमच्या गल्लीच्या चक्रमपणाचा हिशेब मांडायचाच असेल तर तो सगळ्या घरांवर वाटून मांडावा लागेल. काकूंच्या वाट्याला त्यातला फार थोडा येईल.

अर्थात थोडा येईलच. घरातली कुठलीही वस्तू बिघडली की तिच्यावर त्यांच्याकडे एकच औषध होतं. गोधड्या, मिरच्या, ओली काडेपेटी, दुखरा गुडघा, सगळं उन्हात. माझा मोबाइल एकदा बंद पडला. मी तो त्यांच्या तुळशीजवळ विसरलो, तर त्यांनी तो भर दुपारी वृंदावनाच्या कट्ट्यावर पालथा घालून ठेवला. तो पुन्हा उठला नाही. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाल्या, "थो पैलेच मेलता. मी फक्त सुकवला."

पाणी तापवायचं यंत्र त्यांच्याकडे आलं त्याआधीची गोष्ट सांगायला हवी, कारण लोक ती सोडून देतात.

आमच्याकडे कापूस निघाला की वावरात पऱ्हाट्या उरतात, वाळलेली झाडं. बाया त्या उपटतात, मोळ्या बांधतात, डोक्यावरून घरी आणतात. त्या पऱ्हाट्यांवर वर्षभर आंघोळीचं पाणी तापतं. घरोघरी मागच्या बाजूला न्हाणी, न्हाणीला लागून चूल, चुलीवर काळा ठिक्कर हंडा. पुरुष उठतो तेव्हा पाणी तापलेलं असतं. ते आपोआप तापत नाही, हे त्याला माहीत असतं, पण तो त्याचा विचार करत नाही. काकूंच्या धाकट्या मुलीला दमा होता. लहानपणी ती त्या न्हाणीत जाताना नाकावर ओढणी धरायची आणि बाहेर येऊन ओट्यावर वाकून बसायची. छातीतून शिट्टी वाजायची. आमच्या घरात ऐकू यायची.

एकदा मी काकूंना म्हणालो की आपण अंदाज काढू, तुम्ही आजवर किती पऱ्हाटी वाहिली असेल. मोळीचं वजन, वर्षाच्या मोळ्या, गुणिले वर्षं. मी तोंडी गुणाकार सुरूही केला होता.

"बस कर, बाप्पा," काकू म्हणाल्या. "ज्यानं वायली नाई, थ्यानं मोजू नाई."

मी थांबलो. तो गुणाकार अजून अर्धाच आहे.

त्यांनी यंत्र घ्यायचं ठरवलं तेव्हा कुणाला विचारलं नाही. स्लॅबवर चकचकीत टाकी आणि तिच्या खाली तिरप्या लावलेल्या काळ्या काचेच्या नळ्या. वर्ध्याहून कारागीर आला, दिवसभरात बसवून गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी नळ सोडला आणि त्या बादलीशेजारी नुसत्या बसून राहिल्या. बाजारात त्या दिवशी उशिरा पोचल्या. मी विचारलं, कसं आहे पाणी? मला वाटलं, गरम आहे म्हणतील. त्या म्हणाल्या, "मी आज उजाडेपर्यंत झोपली." त्या यंत्राचं त्यांनी केलेलं तेवढंच कौतुक मला आठवतं.

भांडण लागलं ते दिशेवरून.

आमच्या समोरच्या घरात सदस्यभाऊ राहतात. ग्रामपंचायतीचे सदस्य होते; सदस्यपद गेलं, नाव राहिलं. घराचं दार, देव्हारा, विहीर, गोठा, कशाचं तोंड कुठे असावं हे गावात त्यांना विचारतात. ते ओट्यावरून उठले, रस्त्यात आले, मान वर करून यंत्र पाहिलं आणि म्हणाले, "काकू, याचं तोंड दक्षिणेकडे काऊन केलं?"

"कारागीर म्हने, दक्षिणेकडेच लागते."

"कारागिराचं काय जाते! दक्षिण यमाची दिशा हाये. आपन दक्षिणेकडे दार करत नाई, पाय करत नाई. अन् तुमी पानी तापवून राह्यल्या? दक्षिणेचं पानी म्हंजे मयताचं पानी. जितं मानूस थ्यानं आंघोळ नाई करत."

गल्लीतल्या चार बाया जमल्या होत्या. काकूंनी सगळ्यांकडे एकदा बघितलं.

"मंग तं लय बरं झालं," त्या म्हणाल्या. "एकाच पान्यात दोन कामं. मी मेली का याच पान्यानं आंघोळ घालजा मले. दुसऱ्या कोनत्या पान्यानं घातली तं उठून बसन, सांगून ठेवते."

मी मध्ये पडलो. आपल्या भागात मे अखेरपासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ सोडला, तर दुपारचा सूर्य डोक्याच्या थोडा दक्षिणेलाच असतो. हिवाळ्यात तर चांगलाच खाली, दक्षिणेला कललेला असतो. म्हणून नळ्या तिकडे. मी हे कागदावर काढून दाखवलं. सदस्यभाऊंनी कागद उलटा धरून पाहिला आणि परत दिला.

दुसरं भांडण शिळ्या पाण्याचं. हे पाणी दिवसा तापतं, रात्रभर टाकीत राहतं आणि सकाळी अंगावर घेतात. म्हणजे ते शिळं. देवाला चालत नाही, सोवळ्याला चालत नाही. हे माझ्याच घरातून निघालं. माझी आई म्हणाली. काकूंनी कुंपणावरून ऐकलं आणि विचारलं, "वहिनी, तुमची विहीर रोज रातच्याले रिकामी करून ठेवता काय?" आई त्यांच्याशी चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी गुडघे शेकायला त्यांच्याकडूनच एक बादली आणवली. देवासाठी नाही, फक्त गुडघ्यांसाठी, असं बजावून.

काकूंचंही सगळंच बरोबर होतं असं नाही. डोंगर जवळ, त्यामुळे आमच्याकडे वानरांचे कळप स्लॅबवरून येतात-जातात. एका वानरानं काचेची नळी फोडली. काकूंनी त्यावर वावरातला उपाय केला. वावराला बोरीच्या काटेरी फांद्यांचं कुंपण घालतात, त्या बोराट्या त्यांनी दोराने ओढून स्लॅबवर चढवल्या आणि यंत्राभोवती छातीभर उंच कुंपण घातलं. यंत्राला वावर समजून कुंपण घालणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. वानरं गेली, पण नळ्यांवर बोराट्यांची सावली पडली आणि पाणी कोमट झालं. मी सांगायला गेलो.

"कोमट कुटं हाये? तुह्या हाताले गरम लागत नाई, थ्याले मी काय करू?"

मी थर्मामीटर आणला. त्यांनी तो बादलीत घालूच दिला नाही. "पान्याले काई ताप नाई आला," म्हणाल्या.

दोन दिवसांनी पाहतो तो दक्षिणेकडचं कुंपण गुडघ्याइतकं खाली आलं होतं. मी म्हणालो, काकू, बोराट्या कमी केल्या वाटतं?

"मी कायले करू?" त्या म्हणाल्या. "वारा आला असन."

वर्ष सरायच्या आत गल्लीत आणखी चार घरांवर यंत्रं चढली. काकूंची थट्टा करणाऱ्यांच्याच घरांवर. त्यात सदस्यभाऊंचं पहिलं. आणि चौघांनीही त्यांच्या सल्ल्यानं नळ्या पूर्वेकडे केल्या. कारागीर नको म्हणत होता, पण चार घरांचं काम हातचं जाईल म्हणून त्यानं लावून दिल्या. सकाळी देव उगवतो तिकडे यंत्राचं तोंड, दिसायला फार शोभिवंत. हिवाळा लागला तसा त्या चारही घरांच्या मागून पहाटे पुन्हा धूर निघू लागला. विचारलं तर म्हणायचे, यंत्रच बोगस आहे. मी सदस्यभाऊंच्या आणि काकूंच्या टाकीतलं पाणी एकाच संध्याकाळी मोजलं. काकूंचं हाताला सोसत नव्हतं, सदस्यभाऊंचं कोमट होतं. आकडे सांगितले तर सदस्यभाऊ म्हणाले, तुमचा थर्मामीटर काकूंच्या बाजूचा आहे.

दोन वर्षांपूर्वी, माघात, काकू गेल्या. सकाळी मेथी खुडून आल्या, ओट्यावर उन्हात बसल्या, आणि उठल्या नाहीत.

आमच्याकडे मयताच्या आंघोळीचं पाणी घरातल्या चुलीवर तापवत नाहीत. अंगणात तीन विटा मांडून वेगळी चूल पेटवतात. त्याच कारणानं एरवी कुणी अंगणात चूल मांडत नाही; मांडलेली दिसली की लोक विचारतात, कोण गेलं? त्या दिवशी सदस्यभाऊ आपण होऊन तीन विटा घेऊन आले. काकूंची धाकटी मुलगी बादली घेऊन त्यांच्या शेजारून न्हाणीत गेली आणि तिनं नळ सोडला.

"बाई, हे पानी…" सदस्यभाऊ म्हणाले.

"आईनं सांगतलं हाये. दुसऱ्यानं घातली तं उठून बसन."

सदस्यभाऊंनी विटा तशाच परत नेल्या. मी बादलीत हात घातला. माघातलं ऊन, दक्षिणेकडचं तोंड. पाणी कडक गरम होतं. थर्मामीटर आणायचं त्या दिवशी मला सुचलं नाही.

पण लोक काकूंची आठवण काढताना हीच गोष्ट सांगतात आणि हसतात, म्हणून मला दुसरी सांगायची आहे. ती त्याच्या आधीची. तीत काकूंनी चूल पेटवली होती.

हीच धाकटी मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. पौष महिना. वर्ध्याच्या दवाखान्यात मुलगा झाला. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं की हिच्या छातीला धूर अजिबात नको. दिवस भरत आले तेव्हा तिला दम्याचा मोठा झटका येऊन गेला होता. तो सासरी आला होता, न्हाणीजवळच्या चुलीपुढे. काकूंनी ठरवलं की सव्वा महिना पोरगी इथून हलणार नाही.

पाचवीच्या पूजेला विहीणबाई आल्या. हिंगणघाटच्या पलीकडच्या. उंच, ताठ, बोलणं मोजकं. वाईट बाई नव्हे; रात्री बाळ रडलं तर काकूंच्या आधी उठायच्या. पण सदस्यभाऊंनी ओट्यावरून नमस्कार करता करता त्यांच्या कानावर घातलंच. विहीणबाई स्लॅबवर जाऊन पाहून आल्या आणि म्हणाल्या, "माह्या नातवाले दक्षिणेच्या पान्यानं न्हाऊ घालत होत्या तुमी?"

"हाव. पाहा ना, कसा लाल झाला."

"आजपासून चुलीवर पानी तापन. लिंबाचा पाला टाकून. अन् बाळंतिणीले शेक-शेगडी, बाळाले धुरी."

"धूर या घरात नाई होनार."

"मंग बारसं झालं का मी पोरीले घेऊन जाते. आमच्या इथं सगळं रीतीनं होईन."

आत खाटेवर पोरगी ऐकत होती. सासरच्या रीतीनं होणं म्हणजे काय, ते तिच्या छातीला ठाऊक होतं. नवीन सून बोलत नसते. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

काकू म्हणाल्या, "विहीनबाई, मले एक सांगा. सध्या सूर्यनारायन कुटं हाये?"

"कुटं म्हंजे?"

"संक्रात यायची हाये अजून. दक्षिणायन चालू हाये. देवच दक्षिणेकडे गेला, तं मी पूर्वेकडे तोंड करून कोनाची वाट पाहू? लहानपनी तुमच्या पोराले तांब्याच्या घंगाळात उनातलं पानी ठेवून न्हाऊ घातलं का नाई?"

"घातलं."

"थे ऊन कोनत्या दिशेचं होतं, पुसलं होतं त्याले?"

उत्तर न सुचलेलं माणूस नेहमी जिव्हारी लागेल असं काही बोलतं. विहीणबाई म्हणाल्या, "तुमाले चालते थे पानी. माह्यं कुंकू हाये अजून."

माझी बायको तिथं होती. ती म्हणते, तिला वाटलं आता काकू उठणार. काकू उठल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "आमचे मालक जलमभर चुलीच्याच पान्यानं न्हाले, विहीनबाई. गेलेच ना?"

दुसऱ्या दिवसापासून विहीणबाईंनी गार पाण्यानं आंघोळ सुरू केली. पौषातली पहाट, विहिरीचं पाणी. मोठ्यानं स्तोत्र म्हणत त्या तांब्या डोक्यावर ओतायच्या, आणि स्तोत्राचे शब्द दातांवर आपटून तुटायचे. काकू बाहेरून म्हणायच्या, "नळाले गरम हाये वो." आतून तांब्या आणखी जोरात आदळायचा. पोरीला आणि बाळाला मात्र काकू त्याच नळाच्या पाण्यानं न्हाऊ घालायच्या, दार आतून लावून. दोघींचं असं चाललं होतं आणि अख्खी गल्ली बारशाची वाट पाहत होती.

बारशाच्या दोन दिवस आधी आभाळ आलं. पौषात आमच्याकडे कधीकधी अवकाळी ढग येऊन बसतात. त्या खेपेला असे बसले की दिवसभर दिवा लावावा लागला. बारीक झिमझिम सुरू झाली. वीज गेली. काकूंचं सिलिंडरही त्याच दिवशी संपलं. टाकीतलं पाणी आदल्या दिवशीचं होतं, दुसऱ्या सकाळपर्यंत तेही निवलं. मी आमच्या गॅसवर हंडा तापवून देतो म्हणालो. विहीणबाई म्हणाल्या, घरात सोयर आहे, शेजारच्या घरचं पाणी बाळंतिणीला चालत नाही. रीत तशीच आहे. माझ्या आईनंही मान हलवली.

विहीणबाई न्हाणीच्या चुलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. कित्येक महिने न पेटलेली चूल. "आता पेटवा," त्या म्हणाल्या. आवाजात जिंकल्याचं नव्हतं, खरं सांगतो. पण पेटवा, एवढं होतंच.

काकू गोठ्यात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तीन विटा होत्या. त्यांनी त्या अंगणाच्या अगदी टोकाला, फाटकाजवळ मांडल्या. मग माझ्या आईकडे येऊन म्हणाल्या, "वहिनी, एक मोळी पऱ्हाटी द्या. माह्या घरात नाई." आणि मोळी डोक्यावर घेऊन गेल्या. यंत्र आल्यापासून मोळीला हात न लावलेली बाई.

विहीणबाई धावत बाहेर आल्या. "अवो, हे काय करून राह्यल्या? अंगनात चूल! घरात लेकरू हाये दहा-अकरा दिवसांचं, अन् तुमी अंगनात चूल मांडता? अंगनात चूल कोनासाठी मांडतात माहीत नाई काय?"

काकू फुंकणी बाजूला ठेवून उभ्या राहिल्या. गल्लीत सगळे दारांत आले होते. त्यांचा आवाज चढला नाही, पण शेवटच्या घरापर्यंत ऐकू गेला.

"माहीत हाये. म्हनूनच मांडली. धूर घरात गेला तं ही चूल मांडाचीच पाळी येईन, विहीनबाई. थ्यापेक्षा आज मांडते. जिती हाये तवर मांडते."

आतून पोरीचा खोकला ऐकू आला, साधाच. पण दोघींनी एकाच वेळी घराकडे पाहिलं.

झिमझिम वाढली. पऱ्हाटी ओली व्हायला लागली, जाळ खाली बसला. काकू पदर धरून फुंकत होत्या. तेव्हा विहीणबाई आत गेल्या, दाराखिडक्या लावल्याचा आवाज आला, आणि त्या रिकामा बारदाना घेऊन बाहेर आल्या. दोन्ही हातांनी तो त्यांनी चुलीवर छपरासारखा ताणून धरला आणि उभ्या राहिल्या. स्वतः भिजत. धूर त्यांच्या तोंडावर येत होता. डोळे मिटले, पण हात खाली केले नाहीत. हंड्याला आधण आलं. मग काकूंनी हंडा उतरवला, बादल्या भरल्या, आणि दारापासून आत पाणी नेलं. पाण्याबरोबर धूर गेला नाही.

बारशाच्या दिवशी लख्ख ऊन पडलं. विहीणबाईंनी त्या पहाटेही गार पाण्यानंच आंघोळ केली. नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, जेवणं झाली. जीप आली. ओट्यावर दोन पिशव्या होत्या: एक विहीणबाईंची, एक पोरीची. पोरीची पिशवी विहीणबाईंनी सकाळीच भरून ठेवली होती. काकूंनी तिच्याकडे पाहिलं, हात लावला नाही. पोरगी बाळाला घेऊन दारात उभी.

विहीणबाई म्हणाल्या, "आलीच," आणि जिन्यानं स्लॅबवर गेल्या. बराच वेळ वर होत्या. खाली आल्या तेव्हा कुणाकडे न बघता म्हणाल्या, "आमच्या घराच्या दक्षिणेकडे चिंच हाये."

मी विचारलं, "किती उंच? घरापासून किती लांब?"

"तू गप राय," काकू म्हणाल्या. "सावली पडते स्लॅबवर?"

"पडते."

"मंग काम नाई भागत."

"चिंच तोडू नाई देनार मी. माह्या सासऱ्यानं लावली."

"कोन तोडा म्हनते? छाटा. पन बुडाकडून नाई, वरून."

"छाटनारा मानूस संक्रातीच्या मांगं भेटते. तवरक सगळे तुरीच्या कापनीत असतात."

"मंग पोरगी थ्याच्या मांगं येईन," काकू म्हणाल्या.

जीपवाल्यानं हॉर्न वाजवला. विहीणबाईंनी पोरीच्या पिशवीकडे बघितलं. मग स्वतःची उचलली आणि म्हणाल्या, "थे आत ठेव वो पोरी. उनात काऊन ठेवली?" जीपमध्ये बसल्या. पोरगी आत गेली. तिच्या पाठोपाठ पिशवी माझ्या बायकोनं नेली.

जीप वळायला लागली तशी काकू अंगणाच्या टोकापर्यंत धावत गेल्या. तिथं अजून त्या तीन काळ्या विटा होत्या.

"विहीनबाई! पूर्वेकडे नोका लावू हां! कोनी कितीबी सांगो!"

समोर सदस्यभाऊ ओट्यावर पेपर वाचत बसले होते. त्यांनी पेपर जरा वर धरला.

आठ-पंधरा दिवसांनी सकाळी मी स्लॅबवर गेलो तर त्यांच्या यंत्राचं तोंड फिरलेलं दिसलं. सरळ दक्षिणेला. मी रस्त्यात गाठून विचारलं, भाऊ, यंत्र फिरवलं वाटतं?

सदस्यभाऊंनी वर पाहिलं, जणू काही ते त्यांना आत्ताच दिसत होतं.

"मी कायले फिरवू?" ते म्हणाले. "वारा आला असन."